जांभळ्या नकाशातल्या अक्का

शिवकांताअक्कांना कुठलीही वस्तू नुसती डोळ्यांनी बघून पटत नसे. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून त्याच्या पेरानं त्या वस्तूवर एक हलका टोला देत, मान डावीकडे कलती करत आणि डोळे मिटून घेत. आवाज पुरता विरेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत. केजच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि एक पितळी पातेलं घ्यायला त्या दुकानाची पायरी चढले होते. चिंचेनं घासलेल्या धातूचा आंबूस, गार वास दुकानभर पसरला होता. मी सगळ्यांत झळझळीत पातेलं उचललं. अक्कांनी ते वाजवलं आणि माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे न्हाई द्यायची तुमाला."

"का हो?"

"आतून टिचलंय. चकाकी कावून बघताव, मॅडम? आवाज ऐकावा."

"टिचलेलं आहे, तर विकायला कशाला ठेवलंय?"

"विकायला न्हाई ठिवलं. घेणारं कसं हाय ते कळावं म्हणून ठिवलंय."

त्या परीक्षेत मी नापास झाले, तरी दुकानावरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. पुढची काही वर्षं माझी सकाळ खालून येणाऱ्या टोल्यांनी उजाडत असे. पितळेचा लांबत जाणारा, मधासारखा दाट नाद. तांब्याचा किंचित घोगरा. स्टीलचा उथळ आणि उतावळा. कवितेतल्या वृत्तांवर मी वर्गात तास घेत असे, पण लय म्हणजे काय हे मला त्या जिन्यात उभं राहून अधिक कळलं.

अक्का साठीच्या पुढच्या होत्या. उंच, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. पूजा आटोपल्याशिवाय त्या पाणीही घेत नसत, आणि आटोपल्यावर भांडणाशिवाय राहत नसत. भांडणात त्यांचा चेहरा उजळे. भाजीवाली, नळाचा माणूस, बँकेतला शिपाई, स्वतःचा मुलगा बसवराज, कुणीच त्यातून सुटत नसे. त्यांची पारख अचूक होती असंही मी म्हणणार नाही. पुतणीसाठी त्यांनी मोठ्या खात्रीनं निवडलेला मुलगा लग्नानंतर महिन्याभरातच सासऱ्याशी मारामारी करून बसला. तो विषय निघाला की त्या पदरानं तोंड पुसत आणि म्हणत, "माणूस वाजवून बघता येत न्हाई ना! आली असती सोय, तर निम्मी लग्नं मोडली असती तालुक्यातली."

पण त्यांचा जीव दुकानात नव्हता. दुकान नवऱ्याकडून आलं होतं. शेत त्यांना माहेराहून, भाऊ नसलेल्या बापाकडून मिळालं होतं; तिथल्या शिवारात त्या अजून शिकांतीच होत्या. केजहून काळीपिवळी जीपनं अर्ध्या तासावर फाट्याला उतरायचं, आणि तिथून पायवाटेनं खाली काळ्या रानात. रानाच्या वरच्या अंगाला एक लांबच लांब, निजलेल्या जनावराच्या पाठीसारखा उतरता माळ पसरला होता. टिटवीचा माळ म्हणत त्याला. झाड म्हणाल तर एखादी बाभूळ, एखादी बोर. बाकी सगळं गवत. भादव्यात हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी, आणि संक्रांतीच्या सुमारास इतकं फिकं की वारा आला की माळ पांढरा धूर सोडतोय असं वाटे. त्या गवतात चंडोल घरटी करत, टिटव्या उघड्यावर अंडी घालून जगाशी वैर धरत, आणि काळविटांचा एक कळप राही. नर मान मागे टाकून उड्या घेत निघाले, की त्यांची पिळाची शिंगं उन्हात स्क्रूसारखी फिरल्याचा भास होई.

मला त्या हरणांचं अपार कौतुक. अक्कांना मुळीच नव्हतं.

"तुमी कविता करताव, तुमाला गोड वाटणार. माझा हरभरा कोण खातंय?"

हरभरा फुलावर आला, की पहाटेच्या दवात त्याच्या पानांवर आंब धरते. आंबट, जिभेला झिणझिण्या आणणारं ते पाणी. अक्का पहाटे पांढरं धोतर रानावर पसरून ठेवत आणि उजाडल्यावर ओलं झालेलं धोतर बाटलीत पिळत. गावातल्या साऱ्या पोटदुख्या त्या बाटलीवर निघत. हरणांनाही त्याच आंबेची चटक होती. मग अक्का बांधावर उभ्या राहून पितळेची एक जुनी परात लाकडी पळीनं बडवत. ती परात त्यांच्या आईची. तिचा आवाज माळ चढून पलीकडच्या ओढ्यापर्यंत जाई, आणि त्याच्यामागून अक्कांच्या शिव्या. हरणं चार उड्या मारून वर जात, थांबत, वळून बघत. "बघा, बघा कशी बघायलीत! जावई आलेत जणू. पुन्यांदा याल तर बघा, भाड्यानो!" आणि सुगीत त्याच अक्का वरच्या बांधालगतच्या दोन ओळी न उपटता तशाच सोडून देत. विचारलं तर सांगत, "राहिल्या. कंबर दुखायलती."

माळ सरकारनं हरणांसाठी राखलेला होता. तसा फलकच होता हिरव्या रंगात: इथे नांगर नको, आग नको, बांधकाम नको. बांधकामाचं बंधन माळालगतच्या रानांनाही होतं. एका उन्हाळ्यात अक्कांनी बैलांसाठी बांधाच्या कडेला पत्र्याचा गोठा घालायला घेतला. मेढी रोवल्या, पत्रे आले, आणि दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला. हा हरणांचा अधिवास आहे, इथे पत्रा चालणार नाही. अक्का त्याच्याशी भांडल्या, तालुक्याच्या कचेरीत जाऊन भांडल्या, आणि हरल्या. पत्रे परत गेले. पुढचे सगळे पावसाळे त्यांचे बैल चिंचेखाली भिजले. अक्कांनी त्या फलकाला दगड मारला नाही, पण येता-जाता त्याच्यावर बोटाचं पेर मात्र आपटत. "ह्याचा आवाज बरा हाय," एकदा म्हणाल्या. "माझ्या विरोधात हाय, पण बरा हाय. आपला शब्द धरून हुभा राहिलाय."

आणि मग एका दिवाळीनंतर तो शब्दच फिरला.

शेताकडचं गाव निम्मं रिकामं झालं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांवर संसार चढवून गेल्या होत्या. दारांना कुलपं, अंगणात म्हातारी माणसं आणि शेळ्या. त्याच दिवसांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचना लागली. शासनानं आपल्या विशेष अधिकारात टिटवीचा माळ आणि खालची काळी राने मिळून सगळं क्षेत्र औद्योगिक विभाग म्हणून अधिसूचित केलं होतं. नव्या नियोजन प्राधिकरणाच्या नकाशात शेतीचा हिरवा रंग गेला होता, अधिवासाचा गडद हिरवाही गेला होता, आणि दोन्हींच्या जागी एकच सलग जांभळा रंग आला होता. हरकती असतील त्यांनी मुदतीत नोंदवाव्यात, अमुक दिवशी सुनावणी.

बसवराजनं त्या सूचनेची नक्कल आणून दुकानात मोठ्यानं वाचली. तो दुकानात आईला आई म्हणत नसे. गिऱ्हाईकांसारखा अक्काच म्हणे.

"अक्का, मोबदला चांगला देतेत म्हणं. तुजं वय झालं. किती दिवस हरणं हाकणार?"

अक्का तेव्हा एक घागर वाजवून बघत होत्या. त्यांनी घागर खाली ठेवली आणि तेच बोट बसवराजच्या छातीवर एकदा टेकवून वाजवलं.

"काय करायलीस?"

"बघायले, कुठून बोलायलास ते."

त्यानंतर तो दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. सुनावणीच्या दिवशी मात्र मुकाट्यानं मोटारसायकल काढून त्यानंच त्यांना नेलं. मीही गेले. अर्ज लिहून द्यायला कुणीतरी हवं, असं अक्कांनी मला सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी लिहिलेलं त्यांनी काहीच वापरलं नाही.

तहसील कचेरीतल्या त्या लांब खोलीत पंखे होते, ओल्या चुन्याचा वास होता आणि भिंतीवर तो नकाशा होता. जांभळा रंग मला लहानपणापासून प्रिय. जांभळाचा, कारळ्यानंतर उमलणाऱ्या रानफुलांचा, संध्याकाळच्या शेवटच्या रेघेचा. त्या दिवशी प्रथमच तो मला जखमेवरच्या औषधासारखा दिसला. टेबलामागे बसलेले अधिकारी नवे होते, कोकणाकडचे. सभ्य, चष्मा लावणारे, हळू बोलणारे. उद्धट माणसाशी भांडायला अक्कांना सोपं गेलं असतं.

"बोला आजी. आपली हरकत काय?"

"हरकत नंतर. आधी मला सांगा, गोठ्याचा पत्रा चालत न्हाई म्हणाले होते ना तुमी?"

"मी?"

"तुमीच. खुर्ची हीच होती. हरणांचा निवारा हाय, पत्र्याच्या आवाजानं बिचकतेत म्हणाले. माझी बैलं भिजली. मी ऐकलं. आता तुमी पत्र्याचं गावच्या गाव बसवायलाव तिथं. हरणं बहिरी झाली का?"

खोलीत हसू फुटलं. अधिकारीही किंचित हसले, मग शांतपणे समजावू लागले. ती बंधनं त्या वेळच्या नियमांप्रमाणे होती. आता शासनानं विशेष अधिकार वापरून क्षेत्र अधिसूचित केलं आहे. अशा क्षेत्रात आधीची बंधनं आडवी येत नाहीत.

"म्हंजी नियम आमाला, आन् अधिकार तुमाला."

"तसं नव्हे आजी..."

"तसंच. मी वाईट न्हाई म्हणायले. भांडं कुणाचं कसं वाजतंय तेवढं सांगायले."

मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. मारुती, त्याची बायको कौसा. शेषराव. लक्ष्मणची विधवा सून. खालच्या बांधाचे दोघे भाऊ. माळाला लागून रानं असलेल्या, पण त्या घडीला कुठल्यातरी फडात कोयता चालवणाऱ्या माणसांची नावं, एकामागून एक, कुठेही न अडखळता; आणि प्रत्येक नावानंतर, "ह्याची हरकत हाय. हिची हरकत हाय." अधिकाऱ्यांनी थांबवलं.

"आजी, त्यांनी स्वतः यायला हवं. अशी दुसऱ्याची हरकत नोंदवता येत नाही."

"कसे येतील? तुमच्या चहातली साखर तोडायला गेलेत ते."

टेबलावर खरंच चहाचे कप होते. कुणीच त्यांना हात लावेना. अधिकाऱ्यांनी लेखनिकाला म्हटलं, "आजींची हरकत नोंदवून घ्या." अक्का उठल्या. जाताना नकाशा चिकटवलेल्या पाटीपाशी थांबल्या, आणि सगळ्यांच्या देखत त्या जांभळ्या रंगावर त्यांनी बोटाचं पेर आपटलं. पुठ्ठ्याचा फद्दकन आवाज आला.  

हरकती अर्थातच फेटाळल्या गेल्या. पुढचं पाऊल होतं जमिनीवर उतरून संयुक्त मोजणी: यंत्र लावायचं, हद्दीवर लोखंडी खुंट्या ठोकायच्या, पंचनामा करायचा. एकदा खुंट्या बसल्या, की कागदावरचा जांभळा रंग मातीत उतरला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अक्कांना सर्वांत जास्त. त्या दिवसांत त्यांनी भांडणं कमी केली. एवढ्यावरून मला त्यांची भीती कळली.

मोजणीची नोटीस आली, त्या संध्याकाळी मी खाली दुकानातच होते. बसवराजनं तारीख वाचली, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं, पुन्हा तारीख वाचली, आणि हसू लागला. इतका, की भांड्यावर नाव घालायचा त्याच्या हातातला खिळाच गळून पडला.

"काय झालं रे?"

"अक्का, ह्यांनी येळवस धरली की!"

मागून कळलं, की अधिकाऱ्यांनी ती तारीख विचारपूर्वकच निवडली होती. गर्दी नको, गोंधळ नको. अमावस्येला शेतकरी औत जुंपत नाही, शेतात पाय टाकत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आणि ते वर्षातल्या इतर सगळ्या अमावस्यांना खरंच आहे. पण वेळा अमावस्या, आमची येळवस, ही एकच अमावस्या अशी, की त्या दिवशी आमच्या भागात शेतात नसतो असा माणूस सापडत नाही. बाजारपेठा ओस पडतात, रस्त्यावर कुत्री तेवढी उरतात. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात जातो. पोटऱ्यात आलेल्या, कणीस अजून पानांत दडलेल्या ज्वारीत कडब्याची खोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवायचा, आणि शेतात पाय ठेवणाऱ्या कुणालाही जेवल्यावाचून जाऊ द्यायचं नाही. हे या भागाबाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं.

"सांगायचं का त्यांना?" मी विचारलं.

अक्कांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "खबरदार! पाव्हण्याला येऊ नगा म्हणून सांगतेत का कुणी?"

पुढचा आठवडा त्या केजच्या पेठेत दारोदार फिरल्या. मोजणीचा शब्दही त्यांनी काढला नाही. फक्त येळवसीचं आवतण दिलं. तांबोळीणीला, शिंप्याला, ज्यांच्याशी वर्षभर भांडल्या त्या सगळ्यांना. माझ्या कॉलेजातल्या मुलींच्या आयांना. ऊसतोडीला गेलेल्यांची रानं त्या दिवशी मोकळी दिसू नयेत, म्हणून तिथे कुणी बसायचं तेही त्यांनी वाटून दिलं. "मारुतीच्या रानात तुमी. खोप मी घालून देते, आंबील तुमची."

येळवसीच्या सकाळी माळाखालचं शिवार मी पाहिलं तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. थंडीचं पातळ ऊन, ज्वारीची पानं एकमेकांवर घासत असल्याची सळसळ, आणि उतारावर जिकडे बघावं तिकडे कडब्याच्या खोपी. त्यांवर रंगीत लुगडी, शाली, चादरी. नकाशातल्या त्या एकसुरी जांभळ्या तुकड्यावर कुणी मूठभर रंग उधळावेत तसं. भज्जीत पडलेल्या ओल्या तुरीचा, हरभऱ्याचा, चिंचेचा वास. लसणाची फोडणी घातलेली गार आंबील. मडक्याच्या तोंडाला बांधलेलं ओलं फडकं.

मोजणीची जीप दहाच्या सुमारास फाट्यावर थांबली. सुनावणीतले तेच अधिकारी उतरले, यंत्र घेतलेले मोजणीदार उतरले, बंदोबस्ताला दोन शिपाई. समोर बघून अधिकारी जागीच थबकले. दोन्ही शिपाई इकडचेच होते. एकानं खोप दिसताक्षणी बूट काढून हातात घेतले.

"हे काय करता?" अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं.

"साहेब, येळवस हाय," शिपाई ओशाळून म्हणाला. "बुटानं कसं जावं?"

अक्का बांधापर्यंत सामोऱ्या गेल्या. हातात तांब्याभर पाणी. "या साहेब. पाय धुवा. वाटच बघायलतो."

"आजी, आम्ही मोजणीसाठी आलो आहोत."

"म्हाईत हाय की. आधी जेवा. आज या शिवारात जेवल्याबिगर कुणी कामाला हात लावत न्हाई, आमी बी न्हाई."

ते संकोचले, घड्याळ बघितलं, सभोवार बघितलं. खोपीखोपीपुढून शेकडो डोळे त्यांच्याकडे लागलेले, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता, घोषणा नव्हत्या. हातांत वाढपाची भांडी होती. अशा गर्दीला पांगवायचं कसं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. ते खोपीपुढे मांडी घालून बसले. बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर. आंबील पहिल्या घोटाला त्यांनी जपून चाखली, मग दोन्ही हातांत पेला धरून संपवली आणि हळूच विचारलं, "अजून मिळेल का थोडी?" अक्कांनी स्वतः वाढली. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. जेवणाऱ्याच्या ताटाकडे त्या जशा बघत, तशाच बघत होत्या.

जेवणं झाली. मोजणीदारांनी पिशवीतून खुंट्या काढल्या. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो खणखणाट त्या कोवळ्या दुपारी फार कडवट वाजला. अक्का उठून समोर उभ्या राहिल्या.

"ते आज न्हाई, साहेब."

"आजी, तुम्ही म्हणालात जेवा, आम्ही जेवलो. आता आमचं काम करू द्या."

"कुणाच्या घरचं जेवलाव?"

"तुमच्या."

"माझ्या न्हाई. हिच्या." त्यांनी खाली वाकून ढेकळावर तळवा टेकवला. "ही काळी गरोदर हाय. ज्वारी पोटऱ्यात हाय बघा. आज तिचे डोहाळे हायत. आज आमी खुरपं लावत न्हाई तिला, सुई लावत न्हाई. तुमी आत्ता तिच्या डोहाळ्याचं जेवलाव. आन् आता तिच्याच पोटात लोखंड घालताल?"

 वर कुठेतरी एक टिटवी ओरडत फिरत होती. मोजणीदार पन्नाशीचे, निलंग्याकडचे. त्यांनी हातोडा पिशवीत ठेवला. "साहेब," ते म्हणाले, "माझ्या बी घरी आज खोप हाय. माझ्यानं व्हायचं न्हाई."

"निदान पंचनामा तरी करू," अधिकारी म्हणाले. आवाजात आता आज्ञा उरली नव्हती. "मोजणी का झाली नाही, एवढं लिहू. पंच म्हणून पाच जण सही करा."

कुणीच पुढे झालं नाही. सगळ्यांची तोंडं एकाएकी खिरीनं भरली. अक्कांनी खोपीकडे हात केला. आत चुन्यानं पांढरे झालेले पाच दगड शांत बसले होते.

"पाच पांडव हायत की. घ्या त्यांचे अंगठे."

पहिल्यांदा शिपाई हसला. मग मोजणीदार. मग हसू एका खोपीतून दुसऱ्या खोपीत असं उतारभर पसरत गेलं, आणि शेवटी चष्मा काढून पुसता पुसता अधिकारीही हसले. जाताना ते अक्कांच्या पाया पडायला वाकले. अक्कांनी पाय मागे घेतले.

"आज नगा पडू. तो कागद मागं घेताल, त्या दिशी पडा."

त्यांचं हसू मावळलं. "ते माझ्या हातात नाही, आजी."

"मग ज्याच्या हातात हाय त्याला सांगा. म्हणावं, शिकांती अजून तिथंच हाय."

ही जिंकल्याची गोष्ट नाही. संक्रांतीनंतर मोजणी झालीच. अधिकारी दुसरे होते, शिपाई बाहेरून आणलेले आणि पुष्कळ होते. माळावर खुंट्या बसल्या. हरणांचा हिरवा फलक उपटून त्याच खड्ड्यात औद्योगिक क्षेत्राचा जांभळा फलक रोवला गेला. खालच्या रानात मात्र काम अडलं: येळवसीला पेठेतली जी माणसं पाहुणी म्हणून येऊन बसली होती, त्यांनी आणि फडांतून परतलेल्या मालकांनी मिळून दावा लावला, आणि संमतीपत्रावर कुणी सही केली नाही. बसवराज दर तारखेला वकिलाकडे जाई. मोबदल्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. पावसाळ्यात अक्कांनी पेरणी केली, तेव्हा लोकांनी शहाणपण शिकवलं: कागदावर जमीन शेतीची राहिली नाही, कशाला बियाणं वाया घालवता? अक्का पाभरीमागे चालत होत्या. न थांबता म्हणाल्या, "मातीला रंग इचारून पेरत न्हाईत."

पुढे माझी बदली झाली. निघताना अक्कांनी मला एक पातेलं दिलं. मी ते वाजवलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मान हलवली. "आता पास," त्या म्हणाल्या.

गेल्या थंडीत लातूरहून केजकडे एसटीनं येत होते. फाटा जवळ आला तशी मी खिडकीशी सरकले. माळावर कुंपणाचे खांब उभे होते, बऱ्याच ठिकाणी तार अजून ओढलेली नव्हती. फलकाचा जांभळा रंग उन्हानं उडून विटक्या वांग्यासारखा झाला होता. चालकानं एकाएकी ब्रेक दाबला. रस्त्यावरून काळविटांचा कळप आडवा चालला होता; खांबांमधून वाट काढत, माळावरून खाली, अर्ध्याअधिक उपटून झालेल्या हरभऱ्याकडे. किती वेळ लागेल म्हणून चालकानं इंजिनच बंद केलं. गाडीत अचानक शांतता पसरली.

आणि त्या शांततेत, खालच्या काळ्या रानातून, तो आवाज आला. पितळेचा. दाट, लांब, कुठेही न टिचलेला.

बांधावर एक उंच, आता थोडी वाकलेली आकृती परात बडवत उभी होती. शब्द इथवर पोचत नव्हते, पण त्यांचा आवेश पोचत होता. कळप थबकला. पुढचा नर मान वळवून बघत राहिला, मग चार उड्या मारून सगळे माळावर परतले. त्या विटक्या फलकाला वळसा घालून, पलीकडच्या पांढऱ्या गवतात. आकृतीनं परात खाली केली. मग तिनं वरच्या बांधाकडे दोन पावलं टाकली, त्या दोन ओळींपाशी वाकून काहीतरी बघितलं, आणि त्या न उपटताच ती माघारी वळली.

चालकानं गाडी सुरू केली. मी डोळे मिटून घेतले होते. नाद अजून विरला नव्हता.